पाखरांना आंघोळ घालू नये

१७ एप्रिल

ही डायरी बियाण्याच्या कंपनीची आहे. दर पानाच्या तळाला शेतीचा एक सल्ला छापलेला आहे. आजचा सल्ला भुईमुगाच्या आऱ्यांबद्दल आहे. मला भुईमुगाशी काही घेणं नाही, पण गोपालकाकांनी दिली. "कोनतं पाखरू काय खाते ते लिहत जाय," म्हणाले. पाखरांचं लिहायचं का माझं, ते मी पाहीन.

मला खरं तर पुण्याला जायचं होतं. भीमजयंतीला आली, मिरवणुकीत नाचून टाचा सुजवल्या, आणि परवा बॅग घेऊन अनसिंगच्या बसस्टँडवर गेली. गाडीला वेळ होता म्हणून बाहेर रसवंतीवर बसली. रसवंतीवाला आणि त्याची बायको भांडत होते, लिंबं कोणी संपवली म्हणून. भांडण इतकं रंगलं की मी दुसरा ग्लास मागवला आणि गाडी गेली.

लिलाबाई मावशी म्हणाली, "बरं झालं. गाडीनंबी ओळखलं तुले." आई गेल्यापासून मी हिच्याचकडे आहे, म्हणजे जेव्हा कुठेच नसते तेव्हा. मग तिनं नेहमीची यादी वाचली. बारावी अर्धी, चाकणची कंपनी अर्धी, हडपसरचं पार्लर अर्धं. "पुरं काय केलं तू आतापरेंत, सांग."

मी म्हटलं, जेवण. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला गोपालकाकांकडे घेऊन गेली.

गोपालकाकांचं वावर वाशीमच्या रस्त्याला आहे. वांगी, भेंडी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं वाशीमच्या बाजारात जातं. मधे त्यांनी शेडनेट उभारून शिमला मिरची लावली होती. मिरचीचं जमलं नाही, तर आता त्याच शेडनेटला आतून बारीक जाळी मारून पाखरं ठेवली आहेत. 'सायली पक्षी उद्यान'. सायली म्हणजे त्यांची मुलगी, माझ्या वर्गात होती, आता लग्न होऊन नागपूरला आहे. सुट्ट्यांमध्ये पोरंसोरं घेऊन लोक येतात.

आत दोन कप्पे. एकात लव्हबर्ड आणि बजरीचे पोपट. दुसऱ्यात ती हिरवी. मी अशी पाखरं कुठे पाहिली नव्हती. चिमणीहून लहान, अंग पोपटी हिरवं, पोट लिंबासारखं पिवळं, शेपूट काळं. पाटीवर लिहिलं आहे 'आफ्रिकेचा गाणारा हिरवा पक्षी'. त्याखाली लाल रंगात, 'पाखरांना आंघोळ घालू नये. हुकुमावरून.'

मी विचारलं, "हुकूम कोनाचा, काका?"

"माहा. परदेशी जीव हाये पोरी. अंगाले पानी लागलं का न्युमोनिया. ज्याच्यापासून आनले त्यानं बजावून सांगतलं. प्यायले नळीची बाटली, बस."

ते गाणं म्हणत नाहीत, तेही मी विचारलं. गाणं शेवंतीच्या कुंडीमागच्या स्पीकरमधून येतं. काका म्हणाले, उन्हाळ्यात लाजतात.

काम बरं आहे. पंधरा दिवस करीन आणि जाईन.

१९ एप्रिल

आज दोन जीपा भरून लोक आले आणि माझं तोंड दिवसभर चाललं. मला माहीतच नव्हतं मी इतकं सांगू शकते. हे पाखरू समुद्रावरून उडत येतं. हे पाखरू जोडीदार मेला की महिनाभर बोलत नाही. एका बाईनं विचारलं, हे वर का उडत नाहीत, नुसते या काडीवरून त्या काडीवर काय उड्या मारून राह्यले. मी म्हटलं, "ताई, आफ्रिकेत झाडं बुटकी असतात." तिनं मान डोलावली. मलाही पटलं.

संध्याकाळी हात धुतला तर अंगठ्याला हिरवं लागलेलं. एक पाखरू जाळीत अडकलं होतं ते सोडवलं होतं मी. पालक खातात ना, म्हणून असेल.

त्यातल्या सगळ्यात लहानीचं नाव मी बारकी ठेवलं आहे. ती नर आहे का मादी मला माहीत नाही. मी आत गेली की खांद्यावर येऊन कानातलं ओढते.

एक माणूस जाळीवर चप्पल आपटत होता, पाखरं हलावीत म्हणून. मी त्याला म्हटलं, तुमच्या दारावर येऊन मी अशी चप्पल आपटू काय. त्याची बायको हसली. काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, गिऱ्हाइकाशी असं बोलू नये. बोलणार. पुन्हा आपटली तर पुन्हा बोलणार.

२४ एप्रिल

ऊन असं आहे की शेडनेटच्या लोखंडी खांबाला हात लागला तर चरका बसतो. आज एक हिरवं मेलं. सकाळी खाली पडलेलं होतं, पाय वर.

काकांनी लिंबाच्या झाडाखाली पुरलं आणि फोन लावला. दुपारनंतर ट्रॅव्हल्सच्या टपावरून खोका आला, भोकं पाडलेला. आत अर्धा डझन नवी. ही जुन्यांपेक्षा फार हिरवीगार. म्हणजे जुनी फिकी पडली आहेत हे मला आज कळलं, शेजारी ठेवल्यावर. मी काकांना विचारलं. काकांनी व्यापाऱ्याला विचारलं. व्यापारी म्हणाला, इकडच्या उन्हानं रंग उडतो, आफ्रिकेचं ऊन वेगळं.

नवी पाखरं खोक्यातून काढली तर उडालीच नाहीत. टपाटप खाली. काका म्हणाले प्रवासाचा शीण आहे.

मला राग कशाचा आला सांगू. मेलेलं पाखरू पुरलं आणि दुसऱ्या घडीला पाटी पुसून काका म्हणाले, "पूर्ण झाले परत." बल्ब बदलल्यासारखं.

२९ एप्रिल

आजचं सगळं लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

शेजारच्या कप्प्यात पोपटांना आंघोळीला परात आहे. ते दुपारी त्यात लोळतात, पंख फडफडवतात, पाणी उडवतात. आणि ही हिरवी सगळी मधल्या जाळीला चिकटून बसतात. चोची उघड्या. पोपटांनी उडवलेला एखादा थेंब इकडे आला तर त्या थेंबावर चार चार पडतात आणि पोट घासतात. बारकी तर ठिबकच्या नळीखाली ओल्या मातीत लोळत होती. पोट सगळं मातकट.

मी काकांना म्हटलं, "काका, वर फॉगर लावेल हायेत ना मिरचीचे. दहा मिनिटं चालू करा. जीव चालले त्याहिचे."

फॉगर म्हणजे छताला नळ्या आहेत, त्यातून धुक्यासारखं पाणी पडतं. मिरचीला गारवा म्हणून लावले होते. पाखरं आल्यापासून काकांनी त्याचा वॉल्व्ह तारेनं बांधून टाकला आहे.

काका म्हणाले, "मिरचीले न्युमोनिया होत नाई."

"अन् उन्हानं मरून राह्यले ते?"

"तुह्या बापानं आनले काय पाखरं? मले अक्कल शिकवून राह्यली. जाय, वाशीमले जाऊन पाखराच्या दान्याले राळं घेऊन ये. जायच्या आंधी बाटल्यांच्या नळ्या पाहून घेजो, कचरा अडकते."

माझ्या बापाचं नाव काढायची गरज नव्हती. मी गाडीला किक मारली. नळ्या पाहायचं राहिलं नाही, मी पाहिल्या होत्या, काल सकाळीच.

वाशीमला राळं घेतलं. मग डोकं शांत व्हावं म्हणून लस्सी प्यायली. लस्सीवाल्याच्या समोरच कोर्ट आहे. तिथं झाडाखाली एक जोडपं घटस्फोटाच्या तारखेला आलेलं होतं आणि दोघं एकाच डब्यातून जेवत होते. मला ते समजेना. भांडण आहे तर डबा एक कसा. मी बसून राहिली पाहत. शेवटी तिनं त्याच्या भाकरीवर ठेचा वाढला आणि त्यांना आतून पुकारा झाला. काय झालं ते कळलं नाही, कारण मला आत जाऊ दिलं नाही, तरी मी थोडा वेळ थांबली.

परत आली तर सीताबाई आजी, काकांच्या आई, दारातच. "वो माय, कोठी होती तू? मले तं त्या बाटल्या काढता येत नाई."

दोन्ही बाटल्यांच्या नळ्यांत राळ्याचा फोलपाट अडकलेला. बाटल्या भरलेल्या आणि खाली तीन पाखरं मेलेली. भरल्या पाण्याखाली.

ही कसली बाटली आणली आहे माणसानं? स्वस्तातली. दोन परातीत पाणी ठेवलं असतं तर कोणाच्या नळ्या पाहायची गरज पडली असती? हे सगळं त्या हुकुमामुळे झालं. काका आले तेव्हा मी हेच बोलली, मोठ्यानं, वांगी तोडणाऱ्या बायांनी ऐकावं इतक्या मोठ्यानं. काकांनी फक्त विचारलं, "तू वाशीमहून किती वाजता निंघाली?"

याचं उत्तर मी का द्यावं?

आजपासून मी ह्या माणसाला अहोजाहो लिहिणार नाही.

३ मे

काका सकाळीच मानोऱ्याला लग्नाला गेला. आजी मागे राहिली, गुडघे दुखतात म्हणून.

दुपारी बारकी खाली बसली. बसली म्हणजे पाय पोटात, डोळे अर्धे, आणि मी बोट पुढे केलं तर चोच मारली नाही. मी घरात गेली, पक्कड घेतली, आणि वॉल्व्हची तार तोडली. आजी ओसरीवरून पाहत होती. म्हणाली, "तो गोपाल वरडल हो." मी म्हटलं वरडू द्या. मोटार चालू केली.

आधी नळ्या खोकल्या. धूळ पडली, दोन मेलेले किडे पडले. मग पाणी. धुकं खाली उतरत गेलं आणि पाखरं एकदम थबकली. मग एकानं मान खाली करून पंख हलवला. मग सगळ्यांनी. मी असं काही पाहिलं नाही आतापर्यंत. ओल्या काडीवर पोट घासत होती, एकमेकांच्या अंगावर चढत होती, पानावर साचलेल्या पाण्यात डोकं घालत होती. बारकी उठली आणि थरथर कापत उभी राहिली पाण्याखाली, तोंड वर करून. मीही भिजली. आजीही आली, पदर डोक्यावर घेऊन, म्हणाली, "लगीन असल्यावानी करून राह्यले वं हे."

कुंडीमागच्या स्पीकरमध्ये पाणी गेलं. तो घरघरला आणि बंद पडला. तेव्हा कळलं की पाखरं बोलतात. इतकं बारीक की कान जवळ न्यावा लागतो. ट्रिट ट्रिट, ट्रिट ट्रिट. कोणी घुंगरू खिशात घालून चाललं आहे असं.

मग आजी म्हणाली, "माय, हे पानी हिरवं काहून येऊन राह्यलं?"

पाहते तर खालची फरशी हिरवी. माझ्या पायजम्यावर हिरवं. पाखरांच्या पोटाखालून पिवळे थेंब गळत आहेत. मला वाटलं कातडी गळते आहे, न्युमोनिया असाच असतो, काका खरं सांगत होता आणि मी सगळी मारली. धावत जाऊन वॉल्व्ह बंद केला. बारकीला ओढणीत गुंडाळलं, पुसलं, आणि पुसता पुसता तिचा रंग ओढणीवर आला. जवळजवळ सगळा. खाली राहिलं एक भुरकट पाखरू. भुशाच्या रंगाचं, पोट पांढरं, शेपूट काळं, चोच जाड.

हे मी ओळखते. मानोऱ्याकडे आजोबांच्या ज्वारीत हीच बसायची थव्यानं. मी लहानपणी डबा वाजवून हाकलायची. बांधावरच्या बाभळीत यांची गवताची घरटी असायची. मुनिया.

आफ्रिकेतून नाही, बाभळीवरून आली आहेत. कोणीतरी धरून, रंगात बुडवून आणि वर ताकीद देऊन विकली आहेत, की आंघोळ घालू नका.

मी आजीला म्हटलं, "आजी, हे मुनिया हायेत."

आजी म्हणाली, "मंग एवढ्या दूरून कायले आनल्या?"

४ मे

काका रात्रीच आला होता, पण सकाळी आत गेला. मी मुद्दाम आधी काही बोलली नाही. जाळीशी उभा राहिला. एक भुरकं पाखरू त्याच्यासमोर येऊन बसलं. त्यानं खिशातून चष्मा काढला, लावला, काढला.

"माह्ये पाखरं कोठी हायेत?"

"हेच तुमचे पाखरं."

मी पिंप दाखवलं, ज्यात मी हिरवं पाणी मुद्दाम धरून ठेवलं होतं. त्यानं त्यात बोट बुडवलं आणि बोटाकडे पाहत राहिला. मला वाटलं होतं त्याला माहीत असेल. त्याला माहीत नव्हतं. चेहरा असा झाला की मी बोलायचं ठरवलेलं अर्धं गिळलं. अर्धंच.

त्यानं व्यापाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. तो हसला. "पानी दिया क्या? बोला था ना मैंने, पानी मत देना. अब मैं क्या करूं, शेठ." आणि ठेवला. पुन्हा लावला तर बंद.

काका बांधावर जाऊन बसला. आजीनं चहा नेला, तो तसाच थंड झाला. मला वाटलं आता संपलं. आता हा पाटी काढेल, परात ठेवेल. मी तर परात धुवायलाही घेतली होती.

दुपारी आला आणि म्हणाला, "अकरा तारखेले वाशीमहून शिबिराचे पोरं येऊन राह्यले. दोन बसा. त्याहिले काय दाखवू? मुनिया? त्या तं त्याहिच्या घरामांगं हायेत."

"मंग खरं सांगा."

"तू पार्लरात होती ना?"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा हसू आलं आणि मग राग आला. मी म्हटलं, "तुम्हाले काय वाटते, रंग फासला का झालं? रंग असा धरत नाई. त्यात डेव्हलपर कालवा लागते, मंग वेळ द्या लागते, तवा कुठं केसाले रंग बसते, अन् पुसला तरी जात नाई. तुम्हाले त्यातलं काय समजते? आलू-कांदे विका."

काका नुसता ऐकत होता. "डेव्हलपर," म्हणाला.

मी म्हटलं, मी चालली.

"जाय ना मंग. जायचं तं तुले चांगलं जमते."

मी आली निघून. मावशीनं ताट वाढलं. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या रागानं.

७ मे

साक्षीचा फोन आला होता, माझी पुण्याची मैत्रीण. मॉलमध्ये जागा आहे, पंधरापर्यंत ये म्हणाली. आज बॅग भरली. चार्जर उद्यानात राहिला होता, म्हणून जाता जाता ऑटो थांबवला. ऑटोवाल्याला म्हटलं, दोन मिनिटं. तो ऑटो कधी गेला मला माहीत नाही.

ओसरीवर पोतं अंथरलेलं होतं. त्यावर पाखरं वाळत घातलेली. खरंच, पापडासारखी. हिरवीगार, एकसारखी, लखलखीत. पाच मेलेली होती. दोन कुशीवर पडून तोंड उघडत होती, आवाज नाही. शेजारी रंगाची वाटी, ब्रश, आणि पार्लरचा डबा, तोच, डेव्हलपरचा. नाकात तो अमोनियाचा वास गेला तसं मला हडपसरचं पार्लर आठवलं, तिथं आम्ही खिडक्या उघडून काम करायचो. माणसांच्या डोक्याला खिडकी उघडी. आणि इथं चिमणीएवढ्या जिवाला.

कोणी सांगितलं ह्याला हे? मी फक्त त्याचं अज्ञान दाखवत होती. कोणी करा म्हटलं नव्हतं. मी तर स्पष्ट म्हटलं होतं, तुम्हाला समजत नाही.

काका मोटारीकडून आला. डोळे लाल. "सकाळपासून धुऊन राह्यलो," म्हणाला, "जात नाई तो रंग."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. सरळ शेडनेटमध्ये गेली. आतले अजून रंगवायचे होते, भुरकेच होते. त्यांच्या कप्प्याचं आणि बाहेरचं, दोन्ही दारं सताड उघडली आणि पोतं घेऊन हाकललं. चला, निघा, बाभळीवर जा, आपल्या घरी जा. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

गेली. दारातून बाहेर फेकल्यासारखी गेली आणि वांग्याच्या पहिल्या ओळीत पडली. उडाली नाहीत. एक हातभर वर जाऊन दगडासारखं खाली. कावळे विजेच्या तारेवरच बसलेले होते. पहिला कावळा उतरला आणि एक घेऊन गेला. माझ्यासमोर. मी ओरडेपर्यंत दुसरा उतरला.

"दार कोनं उघडलं?" आजी काठी घेऊन आली. "गोपाल, धाव रे बापा, कावये खाऊन राह्यले."

मग आम्ही तिघं वांग्यात. काटेरी वांगी आहेत ती, देठाला, पानाला काटे. काका गुडघ्यावर, मी पोटावर. कडक ऊन, माती तव्यासारखी. पाखरं झाडाच्या बुडाशी अंग चोरून बसलेली, मातीच्याच रंगाची, दिसत नव्हती. रंगवलेली असती तर पटकन दिसली असती, हा विचार मला आला आणि मी त्या विचाराला शिवी दिली.

"तुह्याकून एक, ती पाह्य बुडाशी," काका म्हणाला.

"मले बोलू नका तुमी."

"बोलत नाई. ती पाह्य म्हनून राह्यलो. वाफ्याच्या कोपऱ्यात."

"दिसली मले."

"मंग धर ना वो बाई, का कावळ्याले आवतन देतं?"

धरलेली आजीच्या पदरात टाकत होतो. आजी ओळीच्या टोकाला पदर पसरून बसली होती, कावळ्यांना काठी दाखवत, आमच्या दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. "एकानं पानी बंद केलं, दुसरीनं दार उघडलं. कोनी इचारलं का त्या पाखराले? शिकेल लोकं." मी बारावी नापास आहे, पण ते सांगायची वेळ नव्हती.

बारकी शेवटी सापडली, ठिबकच्या नळीखाली. आजीनं तिचा पंख दोन बोटांत धरून पसरवला. "हे पाह्य." पंखाची लांब पिसं सगळी एका रेषेत कातरलेली. कात्रीनं. म्हणून उडत नव्हती. आफ्रिकेतली झाडं बुटकी म्हणून नाही.

काकाच्या हातातून रक्त येत होतं. तो पंख पाहत बसला. त्यानं विचारलं, "हे मले काहून दिसलं नाई?"

मी म्हटलं, "तुम्हाले हिरवं पाहिजे होतं."

त्याला लागलं ते. लागावं म्हणूनच बोलली होती. पण मग त्यानं मला विचारलं, "तुले दिसलं होतं?" आणि मी उठून दार लावायला गेली.

कावळ्यांनी चार नेली. पोत्यावरची ती दोन संध्याकाळपर्यंत गेली.

११ मे

शिबिराच्या बसा आल्या. काकानं त्यांना फोनच केला नव्हता, धीर झाला नाही म्हणाला. मी फाटकावर खुर्ची टाकून बसली होती. आत सोडायचं नाही हे मी ठरवलं होतं, मग तो काहीही बोलो.

सर उतरले, टोपी घालून. "हिरवे पक्षी आहेत ना इथं?"

मी तोंड उघडलं तर काका मागून आला. त्याच्या हाताला हळद लावलेली फडकी.

"बंद हाये सर."

"बंद? अहो, शंभर पोरं आणली आहेत."

"नाई, बरोबर हाये तुमचं. पर हिरवे पाखरं नाई इथं. नव्हतेच. रंग देल्ले होते. मले फसवलं, मंग म्या लोकायले फसवलं. चार दिवसांखाली तं मीच रंगवले. सात मेले त्याच्यात."

बसमधून पोरं ओरडत होती. सर म्हणाले, "मग हे आधी सांगायचं ना. डिझेल किती गेलं आमचं." आणि रागानं बसमध्ये चढले. डिझेल म्हणे. सात मेले ऐकून माणसाला डिझेल आठवतं. मी उठून बसच्या मागे काही तरी ओरडणार होती, पण काका म्हणाला, "जाऊ दे." मला त्याचं ते जाऊ देही आवडलं नाही. शांतपणा आता सुचतो ह्याला.

पाटी मी काढली. खिळे निघेना, म्हणून मोडून काढली.

१२ मे

बुद्ध पौर्णिमा. मावशी विहारातून खीर घेऊन इथंच आली, कारण मी घरी गेली नाही. गेटमधूनच म्हणाली, "पुन्याची गाडी गेली का पाखराच्या पायी?"

साक्षीला सकाळी सांगितलं, येत नाही. तिनं विचारलं का. मी म्हटलं, पाखरांना पिसं नाहीत. ती म्हणाली, तुझं हे नवीन आहे. फोन ठेवला तिनं. राग आला असेल. मलाही आला आहे. कात्री यांच्या पिसांवर चालली आणि अडकून बसली मी. कोणाच्या तरी कात्रीनं, कोणाच्या तरी रंगानं, आणि आवरायला मी. रोज सकाळी हे डोक्यात येतं आणि मी परात आपटून ठेवते.

नवीन पिसं आली की वनखात्याच्या माणसाला बोलवायचं आणि त्यांच्यासमोर सोडायचं, असं मी ठरवलं आहे. काकाला अजून सांगितलं नाही. इकडची पाखरं कोंडणं गुन्हा आहे, सांगीन तेव्हा घाबरेल. घाबरू दे.

आता दोन कप्पे नाहीत, मधली जाळी मी कापली. परातीवर आधी मुनिया, मग पोपट. पोपट मोठे आहेत पण मुनिया ऐकत नाहीत. बारकीच्या मानेला थोडा पोपटी राहिला आहे, तो निघत नाही.

संध्याकाळी फॉगर चालू होते. काका जाळीबाहेर उभा राहून म्हणाला, "आत येऊ काय?" पाच दिवसांत तो आत आला नव्हता. मी म्हटलं, वावर तुमचं आहे. तो तरी उभाच. मग मी म्हटलं, "चपला काढा अन् हळू चाला."

आला. एका कडेला उकिडवा बसला, भिजत. एक मुनिया त्याच्या गुडघ्याशी येऊन पंख झटकून गेली. पाणी त्याच्या चष्म्यावर. त्यानं पुसलं नाही.

मग म्हणाला, "पिसं कवा येतीन याहिचे?"

"मले काय माईत. मी कोठी एवढी थांबलीच नाई आतापरेंत."

तो काही तरी बोलणार होता. मी त्याच्या हातात बादली दिली आणि परात भरायला लावली.